न्हाणीघराचा झरोका

अन्नावाचून माणूस काही आठवडे काढू शकतो. पाण्यावाचून तो दोन-चार दिवस तग धरतो. हवेवाचून मात्र चार-पाच मिनिटांत त्याचा जीव कासावीस होऊन जातो. ही गोष्ट लहान पोरालाही ठाऊक आहे. पण विस्तवालाही श्वास लागतो, हे मोठ्या माणसांच्याही ध्यानात राहत नाही.

घरी एक प्रयोग करून पाहा. जमिनीवर लहानशी मेणबत्ती पेटवा. तिच्यावर काचेचा पेला पालथा घाला. थोड्या वेळाने ज्योत बारीक होते, लुकलुकते आणि विझते. मेण संपले नाही, वातही संपली नाही. कमी पडला तो पेल्यातल्या हवेतील प्राणवायू.

आता असे समजा, की तो पेला म्हणजे एक बंद खोली आहे. आत विस्तव आहे आणि माणूसही आहे. दोघे एकाच हवेचे वाटेकरी झाले. अशा वाटणीत माणूस हरतो. तो कसा हरतो आणि हरू नये म्हणून काय करावे, एवढेच आपण या पाठात शिकणार आहोत.

पूर्वी पाणी कसे तापत असे

आपले हिमायतनगर नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुदखेडहून आदिलाबादला जाणाऱ्या लोहमार्गावर ते आहे. जुनी माणसे त्याला अजून वाढोणा म्हणतात. हा मुलूख कापसाचा आणि तुरीचा. म्हणून जळणाला पऱ्हाट्या आणि तुराट्या घरच्याच. अंगणात तीन दगडांचे चुलवण मांडायचे, त्यावर हंडा ठेवायचा, खाली पऱ्हाट्या सारायच्या. पाणी कढत झाले की बादलीत घेऊन न्हाणीत जायचे. बऱ्या स्थितीतल्या घरी तांब्याचा बंब असे. त्याच्या पोटातून धूर जाण्याची नळी वर काढलेली असे. तो बंबही बहुधा परसात किंवा ओसरीच्या कडेला ठेवीत.

धूर डोळ्यांत जाई, बायामाणसांचे हाल होत, हे खरे. ते दिवस पुन्हा यावेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्या पद्धतीत एक गोष्ट चांगली होती. विस्तव बाहेर असे आणि माणूस आत असे. दोघांची हवा वेगळी असे.

घरातली चूल मात्र आत असे. तिच्यासाठी मराठवाड्यातील माळवदाच्या घरांना वर एक भोक ठेवीत. त्याला कोणी साणे म्हणतात, कोणी सवणे म्हणतात. त्यातून उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई. पावसात त्यावर झाकण ठेवीत आणि पाऊस उघडला की ते काढीत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या गवंड्यालाही ठाऊक होते, की जिथे विस्तव तिथे वाट हवी.

विस्तव न्हाणीघरात आला

आता घरोघर गॅसची टाकी आली. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर खेड्यापाड्यांतही ती पोचली. चुलीचा धूर कमी झाला, ही फार मोलाची गोष्ट झाली. गॅसमागोमाग काही घरांत गॅसचा गिझरही आला. भिंतीवर टांगलेली ही एक लहान पेटी असते. नळ सोडला की आत ज्योत पेटते आणि दुसऱ्या तोंडाने कढत पाणी येते. वीज गेली तरी बहुतेक गिझर चालतात, कारण ठिणगीसाठी त्यांत लहान सेल असतात. आपल्या भागात वीज वरचेवर जाते, म्हणून लोकांना हा गिझर सोयीचा वाटतो.

पण बसवणारा तो कोठे बसवतो? नळ न्हाणीघरात, म्हणून गिझरही न्हाणीघरात. त्याच वेळी घरेही बदलली. माळवद गेले, स्लॅब आली. सवणे गेले. दाराला फटी राहत नाहीत, कारण दार प्लॅस्टिकचे आणि चौकटीत घट्ट बसणारे. भिंतीला खालपासून वरपर्यंत फरशी. म्हणजे विस्तव आत आला आणि वाट बंद झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या.

मुका वायू

गॅसला भरपूर हवा मिळाली, तर तो पुरता जळतो. ज्योत निळी दिसते. त्यातून वाफ आणि कार्बन डायॉक्साइड वायू निघतो. हवा कमी पडली, तर गॅस अर्धवट जळतो. ज्योत पिवळी किंवा तांबूस होते, काजळी धरते. या अर्धवट जळण्यातून एक दुसरा वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. या पाठापुरते आपण त्याला मुका वायू म्हणू, कारण तो येताना सांगून येत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही.

हा वायू शरीरात काय करतो ते पाहा. आपल्या रक्तात लाल रंगाचे एक द्रव्य आहे. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि सर्व अंगाला पोचवते. ते गाडीवानासारखे आहे. पण मुका वायू त्याच गाडीत चढून बसतो. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट तो चिकटतो. मग प्राणवायूला जागा उरत नाही. गाड्या धावत असतात, पण माल पोचत नाही. मेंदू आणि हृदय उपाशी पडतात.

आधी डोके जड होते. मग चक्कर येते, मळमळते, गुडघ्यांतले बळ जाते. माणसाला कळते की बरे वाटत नाही, पण उठून कडी काढण्याइतकी ताकद राहत नाही. शेवटी शुद्ध जाते.

आमच्या वर्गात एका आजीबाईंनी विचारले, “गुरुजी, वास न्हाई, धूर न्हाई, मग मान्साला कळावं तरी कसं?” प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असे, की नाकाने ते कळतच नाही. म्हणूनच वास येण्याची वाट पाहू नये. आधीच बंदोबस्त करावा.

येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. टाकीतल्या गॅसला वास असतो. तो मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे गळती कळावी. लोकांना वाटते, “वास येत नाही, म्हणजे काही भय नाही.” पण गळती निराळी आणि मुका वायू निराळा. गळतीत न जळलेला गॅस बाहेर येतो. मुका वायू जळण्यातूनच तयार होतो. नळी नवी असो, टाकी चांगली असो, गळती मुळीच नसो, तरी बंद खोलीत हा वायू होऊ शकतो.

इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत हेच संकट असे. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या काळात त्याचा पुष्कळ अभ्यास केला. लहान पाखराला हा वायू माणसाच्या आधी बाधतो. म्हणून खाणकामगार पिंजऱ्यात पिवळे कॅनरी पाखरू घेऊन खाली उतरत. पाखरू मलूल झाले की माणसे बाहेर पळत. ही चाल तेथे १९८६ सालापर्यंत होती. आपल्या न्हाणीघरात असे पाखरू नसते.

थोडा हिशेब

मंडळी, आता पाटी-पेन्सिल घ्या.

न्हाणीघर ४ फूट रुंद, ६ फूट लांब आणि ८ फूट उंच आहे असे धरू. ४ गुणिले ६ गुणिले ८ म्हणजे १९२. आत १९२ घनफूट हवा मावते.

१ किलो गॅस पुरता जळायला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. घरगुती गिझर पुरा सोडला तर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. म्हणजे पाव तासात पाव किलो. पाव किलोला हवा लागली १०० घनफूट.

पाव तासाच्या एका आंघोळीत न्हाणीघरातली निम्म्याहून अधिक हवा ज्योतीने मागितली. आणि निम्मी हवा संपेपर्यंत ज्योत नीट जळत नाही. हवेच्या १०० भागांत प्राणवायू २१ भाग असतो. तो थोडा घटला की ज्योत बिघडते आणि मुका वायू वाढू लागतो. हजार लोटे हवेत या वायूचे सहा-सात लोटे झाले, तर दहा-पंधरा मिनिटांत माणूस दगावू शकतो.

“आम्ही तर रोज आंघोळ करतो, काही होत नाही,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचेही उत्तर याच हिशेबात आहे. रोज तुम्ही पाच मिनिटांत बाहेर येता. दार उघडते, हवा बदलते. पण परमेश्वराच्या यात्रेला महाशिवरात्रीस घरात पाहुणे आले. पहाटेची थंडी. एकामागून एक चौघे-पाचजण आंघोळीला गेले. मध्ये दार उघडे ठेवायला कोणाला सवड नाही. पहिला सुखरूप आला, दुसरा डोके धरून आला. चौथ्याचे काय होईल? दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही असेच होते. गिझर तोच, न्हाणीघर तेच. फरक पडतो तो वेळेचा.

घडलेल्या गोष्टी

हे केवळ पुस्तकातले बोलणे नव्हे. २०२० सालच्या जानेवारीत मुंबईत बोरिवली येथे एक शाळकरी मुलगी न्हाणीघरात बेशुद्ध पडली आणि पुढे दगावली. तेथे गॅसचा गिझर चालू होता. २०२३ साली होळीच्या दिवसांत मुंबईतच घाटकोपर येथे एक जोडपे न्हाणीघरात मृत आढळले. गिझरच्या वायूने गुदमरून मृत्यू आला असावा, असा अंदाज तेव्हा वर्तमानपत्रांत आला होता. रंग धुवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

२०२० सालच्या जानेवारीतच केरळातले प्रवासी नेपाळात दामन या थंड जागी उतरले होते. रात्री खोलीत गॅसची शेगडी पेटवून त्यांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या. सकाळी आठजण उठले नाहीत. त्यांत चार लेकरे होती. फ्रान्स देशाचा मोठा लेखक एमिल झोला १९०२ साली पॅरिसमध्ये असाच झोपेत गेला. त्याच्या घरचे धुराडे नीट वाहत नव्हते. त्याची पत्नी मात्र वाचली.

राजा असो वा रंक, पंडित असो वा अडाणी, हा वायू कोणाची भीड धरत नाही. इंग्लंडात १९९८ सालच्या नियमांनुसार, खोलीतली हवा घेऊन जळणारा गॅसचा गिझर न्हाणीघरात बसवताच येत नाही. हवा बाहेरून घेणारा आणि जळलेला वायू बाहेर सोडणारा पेटीबंद गिझरच तेथे चालतो.

आपल्याकडे असे कोणी दगावले की लोक म्हणतात, “पाय घसरला,” “फीट आली,” “हार्ट बंद पडला.” कोणी म्हणतो, बाहेरचे काही लागले. खरे कारण कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच न्हाणीघरात तोच गिझर पुन्हा चालू होतो. म्हणून कारण जाणून घेणे फार अगत्याचे आहे.

झरोका का बुजतो?

पुष्कळ न्हाणीघरांना झरोका असतो, पण तो बुजवलेला असतो. कोणी पुठ्ठा लावतो, कोणी पोत्याचा बोळा कोंबतो, कोणी प्लॅस्टिक ठोकतो. थंडी लागते, पाल येते, डास येतात, ही कारणे सांगतात. पण खरे कारण बहुधा लाजेचे असते. शेजारची गच्ची समोर असते. बायांना, मुलींना संकोच वाटतो. त्या बोलत नाहीत, गुपचूप कापड लावून घेतात.

या संकोचाला हसू नये. तो रास्त आहे. पण लाज राखायची तर हवा कोंडावीच लागते, असे मुळीच नाही. झरोका डोक्याच्या वर, छताजवळ ठेवा. त्याला तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवा. पट्ट्या बाहेरच्या बाजूने खाली उतरत्या ठेवल्या, तर नजर आत जात नाही, पाऊसही जात नाही, हवा मात्र खेळते. डासांसाठी बारीक जाळी लावा आणि ती महिन्यातून एकदा धुवा, कारण जळमटांनी जाळीही बुजते. घरच्या कर्त्या माणसाने हे काम आपण होऊन करावे. बाईमाणसाने सांगण्याची वाट पाहू नये.

काय करावे?

सर्वांत उत्तम उपाय एकच. गिझर न्हाणीघरात ठेवूच नये. तो बाहेरच्या भिंतीवर, परसात किंवा गॅलरीत, पाऊस-वारा लागणार नाही अशा आडोशाला लावावा. आत फक्त कढत पाण्याचा नळ घ्यावा. चार-पाच हात नळी जास्त लागेल, एवढाच खर्च. गिझर झरोक्याच्या अगदी खाली मात्र लावू नये. नाहीतर बाहेर सोडलेला वायू झरोक्यातून पुन्हा आत येईल. टाकी उभी ठेवावी आणि उघड्या हवेत ठेवावी. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खळग्यात साचतो.

गिझर आतच असेल, तर तो बाहेर काढीपर्यंत हे नियम पाळा.

एक. हवेला दोन वाटा हव्यात. एक खाली, एक वर. खालून ताजी गार हवा येते, वरून तापलेली हवा जाते. दाराच्या खालच्या भागात जाळी बसवा आणि वर छताजवळ निदान फूटभर लांब-रुंद झरोका कायम उघडा ठेवा. एकच वाट असेल तर हवा नीट फिरत नाही.

दोन. हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर उत्तम. पण त्यालाही खालून हवा मिळाली पाहिजे. आणि वीज गेली की पंखा बंद पडतो, गिझर मात्र चालूच राहतो. म्हणून पंखा आहे म्हणून झरोका बुजवू नका.

तीन. बादली आधी भरून घ्या. गिझर बंद करा. दार थोडा वेळ उघडे ठेवा. मग आंघोळीला जा. गिझर चालू ठेवून त्याखाली न्हाऊ नका. या नियमाला पैसा लागत नाही आणि तो आजपासून पाळता येतो.

चार. दोन आंघोळींच्या मध्ये पाच-दहा मिनिटे दार सताड उघडे ठेवा.

पाच. ज्योत पिवळी दिसली किंवा गिझरवर काजळी दिसली, तर तो वापरू नका. जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्या. वर्षातून एकदा, थंडी लागण्याआधी, तपासणी करावी. गिझर घेताना आय. एस. आय. छाप पाहून घ्यावा.

सहा. लेकरांना, म्हाताऱ्यांना आणि पोटुशी बाईला आतून कडी लावू देऊ नये. कोणीही आत जाताना घरात सांगून जावे. दहा मिनिटांनी हाक मारावी. ओ आली नाही, तर उशीर करू नये.

बाळंतिणीची खोली

गिझर नसलेल्या घरांनीही एक गोष्ट ऐकावी. आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात आणि वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावून घेतात. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. पण निखाऱ्यातूनही हाच मुका वायू निघतो आणि पुष्कळ निघतो. बाळ लहान, त्याचा श्वास भराभर चालतो, त्याला तो लवकर बाधतो. शेक द्यायचाच तर दार उघडे ठेवून, थोडा वेळ, जवळ जागे माणूस बसवून द्यावा. मग शेगडी बाहेर न्यावी. शेगडी खोलीत ठेवून कोणीही झोपू नये.

कोणी बेशुद्ध पडले तर

दार उघडा, उघडत नसेल तर तोडा. श्वास रोखून आत जा. गिझर बंद करा. माणसाला ओढून उघड्या हवेत आणा. आत बसून पाणी शिंपडू नका, कांदा हुंगवू नका. आधी बाहेर आणा. अंगावर चादर टाका आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल आणि ज्याला येत असेल, त्याने छाती दाबून तोंडाने श्वास द्यावा.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, “गॅसचा गिझर चालू होता.” हे वाक्य फार मोलाचे आहे. करोनाच्या साथीपासून बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र घरोघर आले. पण साध्या यंत्राला मुका वायू आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही. ते ९८ दाखवील आणि माणूस मरणाच्या दारात असेल. तोंडाची लालीही फसवते. म्हणून आकड्यावर विसंबून घरी बसू नये.

साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा जायला चार-पाच तास लागतात. नळीने भरपूर प्राणवायू दिला, तर साधारण दीड तास पुरतो. म्हणून नांदेडची वाट धरण्याआधी जवळच्या रुग्णालयात प्राणवायू सुरू करून घ्यावा. माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावाच. पुढे काही दिवसांनी विसर पडणे, चालताना तोल जाणे असे त्रास होऊ शकतात.

ध्यानात ठेवा

विस्तवालाही श्वास लागतो.
विस्तव बाहेर, माणूस आत.
हवेला दोन वाटा, एक खाली आणि एक वर.
आधी बादली भरा, गिझर बंद करा, मग न्हा.
वासाची वाट पाहू नका.

प्रश्न

१. पेला पालथा घातल्यावर मेणबत्ती का विझते?
२. गॅसची गळती आणि मुका वायू यांत काय फरक आहे?
३. ५ फूट रुंद, ५ फूट लांब आणि ८ फूट उंच न्हाणीघरात किती घनफूट हवा मावेल? गिझर अर्धा तास पुरा चालला, तर त्याला किती हवा लागेल? ती पुरेल काय?
४. बोटाला लावायचे यंत्र अशा वेळी का फसवते?
५. आज घरी गेल्यावर न्हाणीघराचा झरोका पाहा. तो उघडा आहे की बुजलेला? बुजलेला असेल तर तो उघडा करून या आणि उद्या वर्गात सांगा.